दुधी काचेमागचा कागद

मायाक्कानं एक्स-रेच्या खोलीचं दार उघडलं, तर तिच्याच स्टुलावर कुणी अनोळखी तरुण उभा! दातांत स्क्रू, आणि डोकं भिंतीवरच्या पेटीत – दुधी काचेची, आत दोन ट्यूब असलेली ती पेटी, जिच्यावर फिल्म लावून बघायची.

“कोण तुम्ही?”

“ईश्वरप्पा, वायरमन. ट्यूब फडफडत्यात म्हणून डाक्टरांनी बोलावलंय, बाई.”

“बाई नको. मायाक्का म्हणा.”

“आमी अक्कलकोटकडची माणसं. कन्नडमधी अक्का म्हंजे थोरली बहीण…” स्क्रू हातात घेत तो हसला. “तेवढं सोडून काय बी म्हणतो की!”

नंतरच्या महिन्यात तो चारदा आला. कधी स्टार्टर, कधी चोक. ती पेटीच्या उजव्या अंगाला बसून फिल्मवर नावं घालायची आणि हा उगाच टेस्टर पुसत राहायचा.

“डोळ्यांत पाणी हाय तुमच्या.”

“असतं रोज.”

बस्, एवढंच. पण तो गेला की खोली रिकामी वाटायची… आणि ती तशी वाटते, याचाच तिला वैताग यायचा.

त्यात फिल्म बिघडायला लागल्या.

“उजवी बाजू पुन्हा काळपट!” पेटीवरची फिल्म बघत डॉक्टर कडाडले. “डेव्हलपरमध्ये फिल्म नीट हलवता की नाही? शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर दुसरा माणूस ठेवतो.”

सांगोल्याकडच्या मेंढपाळाची लेक बी.एस्सी. होऊन इथवर, सोलापूरच्या दवाखान्यापर्यंत पोचली होती. ही नोकरी गेली म्हणजे गाव गाठणं आलं. तिनं टाक्या घासल्या, नवं डेव्हलपर कालवलं, त्यात थर्मामीटर बुडवून पाहिला. तरी काळपट ते काळपटच!

शुक्रवारी दुपारी तिनं वैतागून पेटीवर एक फिल्म उलटी टांगली – डोकं खाली. आता काळपटपणा डावीकडे जायला हवा होता. तो उजवीकडेच राहिला!

दोष फिल्मचा नव्हताच. पेटीचा होता.

निरोप जाताच ईश्वरप्पा धापा टाकत आला. तिनं त्याला काच काढायला लावली. आत, उजव्या अर्ध्या भागावर, ट्रेसिंग पेपर अगदी निगुतीनं चिकटवलेला!

“हे काय आहे?”

“कागद…”

“ते दिसतंय मला!”

“उजेडानं तुमचं डोळं पाणावत्यात… तुमी त्याच अंगाला बसता, म्हणून…”

“अहो, ते हायपोच्या वासानं पाणावतात, फिल्म धुवायच्या त्या औषधाच्या! उजेडानं न्हाय! माझी नोकरी चालली हुती की हितनं!”

“रागावला की तुमी गावाकडचं बोलता,” तो हळूच म्हणाला. “लई ग्वाड वाटतं.”

“ईश्वरप्पा!”

त्यानं मान खाली घातली, कागद सोलून काढला आणि थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरला. दार अर्धवट उघडंच होतं. “साहेब, चूक माझी हाय. बाईंची फिल्म चांगलीच हुती.” मग डॉक्टरांचा चढलेला आवाज…

तो बाहेर आला. “तुमची नोकरी राहिली. मला मात्र ह्या दवाखान्यात पाय ठेवायचा न्हाय, म्हणाले.”

“कुणी सांगितलं होतं कागद लावायला? डोळ्यांची काळजी वाटली, तर तोंडानं विचारायचं!”

“विचारलं असतं… पण मग म्होरचं बी बोलावं लागलं असतं.”

“मग बोलायचं होतं!”

“ते तुमच्या आबांशी बोलावं म्हटलं.” तो पिशवीचा बंद उगाच गुंडाळत होता. “रविवारी मेंढरं घिऊन सांगोल्याच्या बाजारात येत्यात न्हवं? लिंबाखाली बसत्यात. तीन रविवार जाऊन आलो. लांबूनच बघितलं… आन् परत आलो.”

मायाक्का त्याच्याकडे बघतच राहिली. तीन रविवार! सोलापूरहून सांगोला, आणि नुसतं बघून परत?

“लांबनं काय बघतोस, येड्या?” ती पाय आपटत म्हणाली. “म्होरं जायचं की!”