सर्वांत कमी नजर

यंत्रमागांच्या त्या शहरातल्या दवाखान्याच्या आभासकक्षात, सकाळी साडेनऊ वाजता सिस्टर रेखा चौगुले यांनी दृष्टिपट डोळ्यांवर चढवला आणि समोर गजबजलेली ओपीडी उभी राहिली. त्या गर्दीतलं कुणीतरी दहा मिनिटांत कोसळणार होतं. त्याला आधी हेरायचं, एवढाच सराव. रेखाताई दोनदा चुकल्या होत्या. आज चुकल्या तर आधी कुणाला तपासायचं ते ठरवणारं तातडीचं टेबल सुटणार आणि नोंदखोलीत बदली होणार. अठरा वर्षं त्या टेबलावर काढलेल्या बाईला याहून मोठी शिक्षा नव्हती.

"मॅडम, तुमचं यंत्र माणूस निवडतं तरी कसा?" त्यांनी विचारलं.

"निवडत नाही, मोजतं," शेजारी उभ्या डॉ. ईशान्या दातीर म्हणाल्या. हा संच त्यांनीच बनवला होता. "दर सरावाआधी आठवडाभर तुमच्या दवाखान्यात नजरमापक असतात. तुम्हा लोकांची नजर ज्याच्यावर सर्वांत कमी पडते, तो कोसळतो. लक्षणं त्याचीच, कॅमेऱ्यानं टिपलेली. चेहरा तेवढा बदलतो. मूळ माणूस कोण, ते सराव संपल्यावरच मलाही दिसतं."

"म्हणजे आमचीच खोड आमच्या गळ्यात," परिचर यासीनमामा मुजावर कोपऱ्यातून म्हणाले.

खोड खरीच होती. माणूस समोर आला की सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, "केसपेपर कुठाय?" नजर कागदावर. पहिल्या वेळी हसतखेळत बसलेला तरुण विणकर कोसळला. दुसऱ्या वेळी पेशंटसोबत आलेली बाई. तिच्याकडे केसपेपरच नव्हता.

रेखाताई आता कागद बाजूला सारून चेहरे बघत सुटल्या. पेशंट, नातेवाईक, दारातला रिक्षावाला. कुणाला घाम नाही, कुणाला धाप नाही. सात मिनिटं गेली.

"सगळे ठणठणीत आहेत की ओ!" त्या वैतागल्या.

"मग ज्यांना बघायचं राहिलं, त्यांना बघा," मामा म्हणाले.

त्या गर्रकन वळल्या. टेबलामागे पांढऱ्या गणवेशातली एक अनोळखी परिचारिका लिहीत होती. कपाळ घामानं ओलं. मध्येच तिनं पेन ठेवलं, जबडा दाबला, डावा खांदा चोळला आणि पुढचा केसपेपर ओढला.

"ही! हिला झोपवा. ईसीजी काढा, डॉक्टरांना हाक मारा!"

चित्र थांबलं. नऊ मिनिटं, चार सेकंद.

"जमलं बघा!" मामांनी टाळी वाजवली.

रेखाताईंनी दृष्टिपट काढला. टेबल वाचलं होतं. पण डॉ. दातीर पडद्यावरची मूळ नोंद वाचत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"गुरुवार, बारा वाजून वीस," त्या हळू म्हणाल्या. "सिस्टर, मूळ माणूस तुम्हीच. ही नोंद तुमची आहे. शुक्रवारीही आहे. आज सकाळचीही."

"अहो, पित्त असतं ते. सकाळपासून चहावरच असते मी."

"बाकावरच्या पेशंटनं असं सांगितलं असतं तर सोडला असता?" मामांनी विचारलं.

दुपारच्या ओपीडीला चाळीस जण तरी असणार, असं काहीसं रेखाताई बोलणार होत्या. खांद्याकडे गेलेला हात त्यांनी स्वतःच पाहिला.

"मामा," त्या तपासणीच्या खाटेवर आडव्या होत म्हणाल्या, "खरं ईसीजी मशीन आणा. आणि डॉक्टरांना हाक मारा."