न दिसणारी निळी रेघ

"झेल, बाण्या!" ऋतुजानं भाकरीचा तुकडा उंच उडवला आणि ती टाळी वाजवायच्या तयारीत उभी राहिली.

तुकडा बाण्याच्या नाकासमोरून खाली आला आणि मातीत पडला. बाण्या जागचा हलला नाही. मग जमिनीला नाक लावून हुंगत फिरला, तुकडा ओलांडून पुढं गेला, परत वळला, तेव्हा कुठं त्याला तो सापडला.

"अगं बाई! हा तोच बाण्या ना? गेल्या वर्षी हवेतल्या हवेत झेलायचा!"

"तोच हाय," मल्हार तुटकपणे म्हणाला. "पर आता लई आळशी झालाय."

ऋतुजा कालच सोलापूरहून सांगोल्याजवळच्या वस्तीवर मामाकडं दिवाळीच्या सुट्टीला आली होती. बिरूमामांची डाळिंबाची बाग आणि तिच्या कुंपणाला लागूनच मल्हारच्या घरचा मेंढवाडा. मामांची मुलगी पूनम, शेजारचा मल्हार आणि ऋतुजा, दरवर्षीची ही तिघांची टोळी. टेकडीवर लांडग्यांची बिळं शोधायला जायचं, आणि अर्थात बाण्याला पुढं घालून जायचं, असा त्यांचा बेत ठरला होता.

"न्हाय. त्याला सोडायचं न्हाय," मल्हार म्हणाला. बाण्या बागेच्या कुंपणाजवळ एका खुंट्याला बांधलेला होता. एवढा ताकदीचा कुत्रा, पण दोरी ढिली असूनही तो मान खाली घालून एकाच जागी उभा होता.

"का रे? काय केलं त्यानं?"

उत्तर पूनमनं दिलं. "दसऱ्यानंतर लांडगा आला होता, ऋतुताई. याच्या नाकासमोरून कोकरू नेलं! मग मल्हारनं याला काठीनं झोडपलं. तेव्हापासून हितंच बांधलाय."

"मग काय करू? ओवाळू त्याला?" मल्हार उसळला. "लहानपणापास्नं मी वाढवलं त्याला! लांडगा समोर, आन् ह्यो नुसता हवेत भुंकतोय!"

ऋतुजा बाण्याजवळ बसली. त्याच्या डोळ्यांपुढं तिनं हात हलवला. डोळे स्वच्छ होते, ना पू ना पांढरेपणा. पण पापणी हलली नाही. मग तिनं जरा लांबून हळूच चुटकी वाजवली. बाण्याचे कान तात्काळ टवकारले.

"मल्हार," ती हळू आवाजात म्हणाली, "हा आळशी नाहीये रे. याला दिसत नाही."

"काहीतरीच! कालपर्यंत—" मल्हार बोलता बोलता थांबला. त्यानं स्वतः हात हलवून पाहिला. एकदा, दोनदा. मग बाण्याची दोरी सोडली आणि त्याला छातीशी धरून तिथंच बसून राहिला. टेकडीचा बेत कुणाच्या लक्षातही राहिला नाही.

संध्याकाळी मल्हारचे आजोबा, सिद्धनाथआज्जा, मेंढरं वाड्यात घालून खाटेवर टेकले. तिघंही त्यांच्यापुढं बसून बाण्याचं सांगत होती. एवढ्यात पूनम खिदळली.

"आज्जा, तुमच्या पटक्यावर निळी टिकली!"

आज्जांच्या पांढऱ्या पटक्यावर एक निळा ठिपका चमकला, सरकला आणि दिसेनासा झाला. थोड्या वेळानं वाड्याच्या भिंतीवरून तसाच ठिपका पळाला आणि सरळ खुंट्याच्या दिशेनं गेला.

"खाली बसा! डोळे झाका!" ऋतुजा ओरडली. "तो लेझरचा ठिपका आहे!"

आज्जांना आत नेऊन, बाण्याला ओढत मुलं घरामागं आली. "कुठून येतोय पण?" ऋतुजा म्हणाली. "हवेत रेघ कुठंच दिसत नाही!"

"पप्पांचं यंत्र!" पूनम म्हणाली. "डाळिंबावर पाखरं बसू नयेत म्हणून खांबावर बसवलंय. सकाळ-संध्याकाळ फिरतं. आधी हिरवं होतं. आभाळात भली मोठी हिरवी रेघ दिसायची! रस्त्यावरच्या गाडीवाल्यांनी तक्रार केली, म्हणून दसऱ्याला निळं आणलं."

बिरूमामांना विचारलं तर ते हसायलाच लागले. "अगं, ते निळं म्हणजे मरतुकडं! हिरव्यासारखी रेघसुद्धा पडत नाही त्याची. जे दिसतच नाही ते काय इजा करणार? आणि जातं झाडांच्या शेंड्यावरून. जा, करंज्या खा!"

"पण मामा, बाण्याला—"

"म्हातारा झाला असेल. पुरे आता!"

दुसऱ्या दिवशी ऋतुजानं आपली पिशवी उपडी केली. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतून घेतलेले दोन लेझर त्यात होते, एक लाल, एक हिरवा. यंत्राबरोबर फुकट मिळालेला छोटा निळा लेझर पूनमनं आणला. तिन्हींवर सारखीच, अगदी कमी ताकद छापलेली.

"एक नियम," ऋतुजानं बजावलं. "कुणाच्याही डोळ्याकडं न्यायचा नाही. अंगावरसुद्धा नाही!"

धान्याच्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी तिन्ही लेझर भिंतीकडं रोखले. हिरव्याची बारीक रेघ हवेत स्पष्ट दिसली. लालची जेमतेम. निळ्याची रेघ शोधूनही सापडेना! भिंतीवरचा ठिपका तेवढा होता, तोही मंद.

"बघ! पप्पा म्हणतात तेच खरं. मरतुकडा!" पूनम म्हणाली.

ऋतुजाच्याही तोंडावर तेच आलं होतं. पण ती घुटमळली. "मंद आहे तो आपल्या डोळ्याला. पण डोळ्यालाच निळा नीट दिसत नसेल तर? डोळा सोडून दुसऱ्या कशानं तरी मोजायला हवं."

"उन्हाची पट्टी!" मल्हार पहिल्यांदाच उत्साहानं बोलला. "आमच्या घरचा सौर दिवा मोडून पडलाय. त्याच्या पट्टीवर उजेड पडला की वीज तयार व्हती!"

पट्टीच्या तारा त्यांनी मोटारीच्या दुरुस्तीसाठी ठेवलेल्या काट्याच्या मीटरला जोडल्या. पट्टीवर हिरवा लेझर टाकला. काटा सरकला. मग निळा टाकला. काटा सरकला! हिरव्याहून किंचित कमी, पण सरकला!

"आपल्याला तर हा कितीतरी पट मंद दिसतो!" पूनमचे डोळे विस्फारले.

"म्हणजे ताकद गेलेली नाही," ऋतुजा म्हणाली. "आपला डोळा हिरव्याला हुशार आहे आणि निळ्याला मठ्ठ. रेघ न दिसणं म्हणजे लेझर दुबळा असणं नव्हे!" ती एकदम थबकली. "पूनम, मामांनी यंत्राची ताकद कमी-जास्त केली होती का गं?"

पूनमचा चेहरा उतरला. "बटण असतं फिरवायचं. निळं आणलं तेव्हा पप्पा म्हणाले, हे दिसेना कसं? आणि त्यांनी ते शेवटपर्यंत फिरवलं."

भर उन्हात यंत्र बंद असताना तिघं बागेच्या कडेला गेली. मागच्या एखाद्या वावटळीनं असेल, पण खांब वाड्याकडं चांगलाच कलला होता. शेंड्यावरून जायची रेघ कुंपणावरून खाली, थेट खुंट्यापाशी उतरत असणार.

"ह्या कोपऱ्यातच तर बाण्या राखणीला बसायचा," मल्हार पुटपुटला. "दसऱ्यापास्नं रोज."

"मामांना आत्ताच सांगू!"

"ऐकणार नाहीत," पूनम म्हणाली. "पप्पांना दाखवावंच लागतं."

"मेंढरं कुंपणाकडंनं आणतो," मल्हार म्हणाला. "धुरळा उठला की रेघ दिसंल!"

"आणि मेंढरांच्या डोळ्यांचं काय? नाही!" ऋतुजानं क्षणभर विचार केला. "धूर करूया. धुराच्या कणांवर आपटून उजेड आपल्याकडं येईल. आणि आपण सगळे खांबामागं थांबायचं."

दिवस कलला तशी मल्हारनं कुंपणालगतची जमीन साफ करून, बादलीभर पाणी शेजारी ठेवून, शेणकुटांवर कडुनिंबाचा ओला पाला रचला आणि पेटवून तो मागं पळाला. पांढरा धूर भसाभसा वाड्याकडं निघाला. खांबावरचं यंत्र आपोआप घरघरू लागलं. पूनमनं घराकडं तोंड करून बोंब ठोकली.

"पप्पाऽऽ! बागेजवळ धूर!"

बिरूमामा टॉवेल सावरत धावत आले. मागोमाग सिद्धनाथआज्जा, मामी आणि वस्तीवरची चार माणसं. ऋतुजानं दोन्ही हात पसरून सगळ्यांना खांबामागंच अडवलं.

"कुणी सांगितला हा चावटपणा? बाग जळाली असती म्हणजे?" मामा गरजले. "थांबा, आज एकेकाचे—"

धुरात एक निळी रेघ उमटली होती! काचेच्या कांडीसारखी सरळ, झगझगीत. ती डाळिंबावरून सरकली, कुंपणावरून खाली झुकली आणि वाड्याच्या तोंडाशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, रिकाम्या खुंट्यावरून फिरली. मग आज्जांच्या खाटेवरून. यंत्र टोकाला जाऊन उलट फिरलं, आणि रेघ पुन्हा त्याच वाटेनं आली.

"बिरू," सिद्धनाथआज्जा हळूच म्हणाले, "तितं आमची पोरं निजत्यात रं."

मामांनी धावत जाऊन तार उपसली. यंत्र बंद पडलं. "मला... मला वाटलं दिसत नाही म्हणजे..."

सकाळी मामा स्वतः जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी बाण्याच्या डोळ्यांत बारीक उजेड टाकून बराच वेळ पाहिलं.

"आतला पडदा भाजलाय, दोन्हीकडचा. उजेड-अंधार कळेल. त्यापलीकडं नाही."

"औषध?" मल्हारनं विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. "कोकरू गेलं म्हणता, तेव्हा सुरुवात झालेली असणार. तेव्हाच इथून हलवला असता, तर थोडीफार नजर राहिली असती कदाचित."

मल्हारनं खुंट्याकडं पाहिलं. तेव्हाच तर त्यानं बाण्याला तिथं बांधलं होतं.

संध्याकाळी वस्तीवरची माणसं मामांच्या अंगणात जमली. यंत्र खोक्यात बंद झालं होतं आणि डाळिंबांवर जाळी टाकायचं ठरलं होतं. मामांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी. शहाणपणा या पोरांचा. यांनी डोळे उघडले नसते तर उद्या कुणाच्या लेकराचे डोळे गेले असते." मामींनी तिघांच्या हातावर लाडू ठेवले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास रं वाघांनो!" सगळे म्हणाले.

ऋतुजाला लाडू गोड लागेना. एरवी अशा कौतुकानं ती हवेत तरंगली असती. आपण दसऱ्यालाच आलो असतो तर, हाच विचार तिच्या मनातून जाईना.

"आज्जा," मल्हार एकदम म्हणाला, "त्याला दिसत नव्हतं, आन् मी त्याला मारलं. लई मारलं."

आता आज्जा 'जाऊ दे' म्हणतील, असं ऋतुजाला वाटलं.

"व्हय," आज्जा म्हणाले. "मारलंस. मी बी आडवलं न्हाय तुला." त्यांनी नातवाला जवळ ओढलं. "त्यो ते मनात धरून बसला न्हाय. तुज्या आवाजानं आजून शेपूट हलवतो. ती मात्र आपली पुण्याई न्हाय, त्याची हाय."

भाऊबीज झाली आणि मेंढरं घाटाकडं चरायला निघायचा दिवस आला. मल्हारचे वडील आणि चुलते दरवर्षी कळप घेऊन जात, आणि दरवर्षी बाण्या सगळ्यांच्या पुढं असे. यंदा त्याला नेता येणार नव्हतं. रस्ते, गाड्या, रानातले लांडगे. शाळेसाठी मल्हार वस्तीवरच राहणार होता, आणि त्याच्याबरोबर बाण्या.

पहाट फुटताच घुंगरं वाजायला लागली. बाण्या ताडकन उठला. आवाजाच्या रोखानं धावत सुटला आणि कुंपणाच्या दगडावर जाऊन आदळला. उठला, पुन्हा धावला. पूनमनं तोंड फिरवलं.

मल्हारनं त्याला धरलं, पण बांधलं नाही. त्यानं हातातली काठी जमिनीवर टेकवली. टक. टक. "चल बाण्या. माझ्या मागनं ये."

बाण्यानं कान वळवले. काठीच्या आवाजामागं तो पावलं टाकू लागला. ऋतुजा आणि पूनम दोन्ही बाजूंनी चालत वाटेतले दगड बाजूला करत होत्या. बिरूमामा अनवाणीच मागून येत होते, कुणी न सांगता. ओढ्यापर्यंत सगळे कळपाच्या मागोमाग गेले. तिथं मल्हारच्या वडिलांनी बाण्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि पाठ फिरवली. मेंढरं चढ चढून पलीकडं उतरली. घुंगरं बारीक होत होत विरून गेली.

परतीच्या वाटेवर बाण्या सारखा थांबत होता, मान वळवून मागं कान लावत होता. प्रत्येक वेळी मल्हारही थांबला. त्यानं घाई केली नाही.