खुराड्याची गादी

"खुराड्यासाठी गादी शिवून मिळेल का?"

ऋजुताच्या हातातली कात्री रेक्झिनवर तशीच थांबली. काउंटरपाशी उन्हाने रापलेला एक उंच तरुण वर्तमानपत्रं चिकटवून केलेला कागदी नमुना घेऊन उभा होता. चेहऱ्यावर हसू नाही, रागही नाही. ऋजुताला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

कारण ते नाव तिनेच ठेवलं होतं. दोन महिन्यांपूर्वी जीपच्या मागे जोडलेला प्लायवूडचा एक डबा हेलकावत दुकानासमोरून गेला. तिने तो दारातूनच मोबाइलवर टिपला, वर 'खुराडं निघालं सासरी' असं लिहिलं आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. मैत्रिणींच्या पोटात कधी काही राहिलंय? चार दिवसांत अर्धी रत्नागिरी हसत होती. क्लिप कोणाची, हे मैत्रिणींपलीकडे कोणालाच ठाऊक नाही, एवढाच काय तो तिला दिलासा.

त्याचं नाव रितेश. तो पॉलिटेक्निकात शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी घरापुढच्या खळ्यात हे फिरतं घर बांधायचा. खालचा सांगाडा पालीच्या महिपतने वेल्डिंग करून दिलेला, बाकी सगळं त्याने स्वतः केलेलं. आत दोन माणसं झोपतील एवढी जागा, मागचं झाकण वर उचललं की चिमुकलं स्वयंपाकघर. आणि हा सगळा खटाटोप वडिलांसाठी. आप्पांनी उभा जन्म आंब्याची बाग राखण्यात घालवला. परक्या गादीवर त्यांचा डोळा लागत नाही, त्यामुळे हेदवीचा गणपतीसुद्धा बघायचा राहून गेलेला.

"म्हणून म्हटलं, गादीसकट घरच न्यावं," तो म्हणाला.

ऋजुताने मान खाली घालून मापं लिहून घेतली.

गादी झाली, ती दोन इंच लांब निघाली. तो दुसरा नमुना घेऊन आला, तोही चुकला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तिने विचारलंच, की लाकूड सुतासुताने मोजणारा माणूस कागदालाच दर वेळी कसा फसतो?

"खारी हवा ना... कागद आकसतो," तो गंभीरपणे म्हणाला.

ती खळखळून हसली. तो बघतच राहिला. आणि लगेच तिला ते दुसरं हसणं आठवलं, मोबाइल हातात धरून हसलेलं, आणि हसू ओठांवरच सुकलं. हा माणूस आवडायला लागलाय, हे तिला त्याच क्षणी कळलं. कळून उपयोग काय? खरं सांगितलं तर तो जाणार, आणि न सांगता त्याच्याकडे मान वर करून बघता येणार नाही.

तिसरा नमुनाही चुकला, तेव्हा चौथ्या खेपेला तीच त्याच्या घरी गेली, टेप घेऊन. त्या दिवशी फिरत्या घराचं छप्पर गळतं का ते तपासायचं होतं. आप्पा बाहेरून नळीने पाणी सोडत होते आणि आत ती दोघं गुडघे दुमडून, टॉर्च धरून सांधे बघत बसली होती. भर ऑक्टोबरच्या उन्हात डोक्यावर पाऊस वाजत होता. एक थेंब टपकन तिच्या मनगटावर पडला. त्याने खिशातला खडू काढून वरच्या सांध्यावर खूण केली... मग जरा थांबून, रुमालाने तिचं मनगट टिपलं.

"आप्पांना सांगू नका हां गळतंय म्हणून," तो हळूच म्हणाला. "त्या क्लिपनंतर बाजारात लोक त्यांना विचारायचे, अंडी कधी मिळणार? महिनाभर घराबाहेर पडले नाहीत. मला काही बोलले नाहीत. एका सकाळी बघतो तर गाडीवर ताडपत्री घातलेली."

शब्द अगदी जिभेवर आले होते. पण बाहेरून आप्पांनी विचारलं, "पोरी, भिजलीस नाय ना गो?" आणि ती घाईने बाहेर पडली. टेप तिथेच विसरून ती घरी आली.

गाडी निघायची त्या सकाळी खळ्यात शेजारीपाजारी जमले, महिपतही आला. ऋजुता गादी पोचवून निघणार होती, पण आप्पांनी थांबवून घेतलं. चाकापुढे नारळ ठेवून त्यांनी देवाला गाऱ्हाणं घातलं.

"बा महाराजा, ह्या पोरानं घरच्या खळ्यात गाडी उभी केलीय. तिची वाटेत राखण कर रे महाराजा."

"होय महाराजा," सगळे म्हणाले.

"कोण तिला हसला असेल, कोणी नावं ठेवली असतील, त्याचंही भलं कर रे महाराजा."

"होय महाराजा."

एकटी ऋजुता गप्प होती. शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या, पण हे कसं सोसायचं? कान तापले, डोळे भरून आले.

"आप्पा... ती हसणारी मीच. क्लिप मी टाकलीवती."

आप्पांनी वळून तिच्याकडे बघितलं. मग पुन्हा हात जोडले. "गाऱ्हाणं मधे सोडायचं नसतं," ते म्हणाले. "बा महाराजा, पोर आपल्या तोंडानं बोललीय. तिला पदरात घे."

या वेळचा होकार जरा मागेपुढे, चाचरत आला. पण आला. नारळ फुटला.

ती कोणाकडेही न बघता खळ्याच्या दगडी गडग्यापाशी पोचली, तोच रितेश मागून आला. तिने वर न बघता माफी मागितली.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "क्लिपच्या कोपऱ्यात तुमच्या दारातली लाल रेक्झिनची गुंडाळी दिसते. पहिल्या दिवशी गादीच्या निमित्ताने मी भांडायलाच आलो होतो. पण खुराडं म्हटल्यावर तुमचा चेहरा असा उतरला, की... पहिला कागद खरंच चुकला हो. पुढचे दोन मी चुकवले."

"म्हणजे ठाऊक असून मला इतके दिवस जाळलंत?"

"हो. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून वाट बघत राहिलो. आज सगळ्यांसमोर तुम्हाला एकटीला बोलावं लागलं, आणि माझी मला लाज वाटली."

मग त्याने हात जोडले आणि आप्पांच्याच सुरात, अगदी हळू म्हणाला, "बा महाराजा, आधी आप्पांची हेदवी होऊ दे. मग ह्या खुराड्यात जी दुसरी जागा आहे... ती हिची होऊ दे रे महाराजा."

ऋजुताने डोळे पुसले. कितीतरी दिवसांनी मान वर करून तिने त्याच्याकडे सरळ बघितलं.

"होय महाराजा," ती म्हणाली.