खिळ्यावरचा टाळ

या, अंमळ जवळ सरकून बसा. कंदिलाची वात बारीकच राहू द्या, कारण गोष्ट अंधाराची आहे. पण भिऊ नका, विठ्ठलाच्या कृपेने शेवटी उजेड पडतो.

साल अठ्ठावन्न, आषाढ सरत आलेला. एकादशीच्या सकाळी आंधळा पखवाजी दगडूबुवा काठी टेकीत घोडपदेवच्या चाळीचा जिना चढला आणि सुंदराबाईच्या दारात अडखळला. पायाला गाठोडं लागलं.

"हे काय गो, सुंदरा?"

"उद्याच्या एस्टीनं गावाक जातंय, बुवा. शेवंतीक घेऊन."

"गावच्या घराचं छप्पर वादळात उडालंय ना?"

"छप्पर नसलेलां घर चालात. पण मेलेल्या माणसाच्या टाळाखाली झोप येणा नाय."

टाळ तिच्या नवऱ्याचा, सीतारामचा. दोन वर्षांमागे 'मुंबई आमची' म्हणत तो मोर्च्याला गेला आणि चौघांच्या खांद्यावरून परत आला. तेव्हापासून त्याचा टाळ दाराबाहेर गॅलरीत खिळ्यावर टांगलेला. त्याला कोणी हात लावला नाही. पण या पावसाळ्यात दोनदा वादळ झालं, दोनदा ऐन भजनात दिवे गेले आणि दोन्ही वेळा टाळ आपोआप वाजला. चाळ म्हणू लागली, सीतारामला ही माणसं इथे नकोत.

त्यांची लेक शेवंती सहावीत पहिली आलेली. गावात पुढची शाळाच नव्हती. आई गावी गेली, की पोरीचं शिकणं संपलं.

दगडूबुवा उंबऱ्यावर टेकला. "पहिल्यांदा दिवे गेले ते कुठवर गेले?"

"ता कोण बघता, बुवा? आमी जीव मुठीत धरून बसलेलो."

बुवाने पाहिलं नव्हतं, पण ऐकलं होतं. पहिल्या खेपेला सगळा रस्ताच मुका झाला होता, समोरच्या इराण्याच्या हॉटेलातला रेडिओसुद्धा गाण्याच्या मध्येच गप्प. दुसऱ्या खेपेला मात्र त्या रेडिओवरची बाई गातच होती. चाळीत अंधार, आणि ती आपली गातेय. बुवाने कान खाजवला.

एवढ्यात सीतारामचा धाकटा भाऊ बाबुराव आला. मिलची पाळी संपवून आलेला, अंगाला तेलाचा वास.

"बुवा, वयनीक अडवू नका. माका काय सुख वाटता? पण दादाचो जीव हय अडाकलोसा."

"मग खोलीचं काय?"

"बंद कशी ठेवतलंय? पोराचा लगीन मार्गशीर्षात. आमच्या खोलयेत आठ माणसां. वयनी परत येईसर मी सांभाळतलंय."

"टाळाला कधी हात लावलास?"

"रामा रामा! कोणाची छाती आसा?"

"खरंच. सीतारामनेच तर तुम्हा सगळ्यांना टाळ धरायला शिकवलं."

"शिकवल्यान म्हणजे? टाळ कपाळाक न लावता वाजवलो तर टपली मारी."

बुवा उठला. "सुंदरा, बुक्क्याची डबी माझ्याकडे दे. भजनाला दरवेळी तू दारातच लावतेस, आज आरतीनंतर मी लावीन. तोवर कोणाच्या कपाळाला बुक्का नाही."

तिने डबी दिली. बाबुराव अंघोळीला गेला. बुवा भिंत चाचपीत निघाला आणि खिळ्यापाशी त्याचा हात जरा रेंगाळला.

दिवेलागणीला आभाळ फाटलं. रे रोडच्या लाकूडवखारींचे पत्रे थडाथड वाजू लागले. समोरच्या भिंतीवर चुन्याने लिहिलेलं 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' पावसात ओघळून गेलं. खोलीत सात टाळ आणि एक पखवाज. बुवाचे हात पखवाजावर, कान दाराकडे.

अभंग अर्ध्यावर आला. वीज कडाडली आणि दिवे गेले.

बायका किंचाळल्या. टाळ थबकले. त्या काळोखात, दाराबाहेर...

खण्... खण्... खण्...

"बाबा!" शेवंती आईला बिलगली. वाऱ्याने दार हललं आणि उदबत्तीचा निखारा तेवढा लाल दिसत राहिला.

"काडी ओढू नका कोणी," दगडूबुवा शांतपणे म्हणाला. "अंधाराचं मला काय? तीस वर्षं त्याच्याच घरी भाडेकरू आहे मी."

बाहेरचा टाळ थांबला. पावसाच्या आवाजाआड इराण्याचा रेडिओ बातम्या सांगत होता. दारापाशी हलकेच कोणीतरी मांडी घातली.

"आता कंदील लाव, सुंदरा. आणि प्रत्येकाचं कपाळ बघ."

"कपाळ?"

"बघ तर."

तिने कंदील एकेकाच्या तोंडासमोर धरला. कोरं. कोरं. हेही कोरं. दाराशी बसलेल्या बाबुरावापुढे मात्र तिने कंदील आणखी वर धरला. त्याच्या कपाळाच्या मधोमध काळाभोर ठिपका.

"भावजी, ह्यो बुक्को खंयचो?"

बाबुरावाने कपाळ पुसलं. बोटं काळी झाली.

"मी सांगतो," दगडूबुवा म्हणाला. "सकाळी मी खिळ्यावरच्या टाळाच्या पाठीला बुक्का चोळून ठेवला. दुसऱ्या खेपेला चाळीत अंधार होता आणि समोर रेडिओ गात होता. म्हणजे दिवे वादळाने नेले नव्हते, जिन्यावरच्या पेटीतला फ्यूज कोणीतरी काढला होता. आजही तेच. दिवे जायच्या आधीच सातातला एक टाळ गप्प झाला, दाराजवळचा. पण तेवढ्यावर चोर ठरत नाही. तो धरला सीतारामने. टाळ हाती घेतला की आधी कपाळाला. बाबुराव, तू भूत व्हायला गेलास रे, पण हात भजन्याचाच राहिला."

बाबुराव वहिनीच्या पायांशी कोसळला. "चुकलंय, वयनी. पोराच्या संसाराक चार हात जागा मिळात म्हणान..."

"माझ्या पोरीची शाळा दिसली नाय तुमका?"

त्याने दोन्ही कान धरले. मग तो हळूच म्हणाला, "पण विठ्ठलाची आण, बुवा, पयल्या वेळेक मी नाय. तो टाळ आयकान तर माका ही दुर्बुद्धी सुचली."

"वारा असेल," दगडूबुवा म्हणाला.

"वाऱ्याक ठेको समाजता, बुवा?" सुंदराबाईने विचारलं.

बुवाचा हात पखवाजावरून फिरला. त्या पहिल्या संध्याकाळी रेडिओही मुका होता आणि त्या काळोखात त्याने स्वतः त्या टाळाला पखवाजाची साथ केली होती. एक मात्राही चुकली नव्हती.

बाबुराव खाली मान घालून फ्यूज बसवायला गेला. दिवे आले. सुंदराबाईने गाठोड्याची गाठ सोडली, खिळ्यावरचा टाळ उतरवला, कपाळाला लावला आणि शेवंतीच्या हातात दिला. "वाजव गो. आधी कपाळाक लाव."

अर्ध्यावर राहिलेला अभंग पुढे सुरू झाला.

तर मायबापहो, कधी वादळात तुमच्या घरचे दिवे गेले आणि बाहेर काही किणकिणलं, तर दार लावून घेऊ नका. घोडपदेवच्या सीतारामची आठवण काढा. मुंबईसाठी गेला बिचारा, पण घर सोडून गेला नाही.