धार कोणी लावली?

मुकादम गेले होते नळाचा वॉशर आणायला आणि घेऊन आले वस्तरा. निवृत्त झाल्यापासून हे असंच चाललं होतं. भंगारवाल्याकडे शिरायचं, काहीतरी गंजलेलं उचलायचं आणि "याला मी नवं करतो" म्हणत घरी आणायचं. कंदील झाला, शिवणयंत्र झालं. नवं काहीच झालं नाही. होणार कसं? या माणसाने उभा जन्म इमारतींच्या कामावर दुसऱ्यांना हुकूम सोडण्यात घालवलेला. हात फक्त मिशी पिळायला वापरलेले.

वस्तरा मात्र देखणा होता. काळी शिंगाची मूठ, रुंद पातं, आणि पात्यावर गंजाचा जाड थर.

"कोणाचा हो?" मुकादमांनी विचारलं होतं.

"होता एक न्हावी. काम करता करताच गेला," भंगारवाला म्हणाला आणि घाईघाईने तो कागदात गुंडाळू लागला.

घरी बायकोने एकदा वस्तऱ्याकडे पाहिलं, एकदा गळक्या नळाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तिचा भाऊ चार दिवस राहायला आला होता. त्याला तर आयतंच सापडलं.

"दाजी, याने लोणी तरी कापलं जाईल का?"

झालं! मुकादमांचं डोकं फिरलं. "रविवारपर्यंत या हातांनी अशी धार लावतो, की नुसता केस टेकवला तरी तुटेल. नाही लावली तर ही मिशी उतरवीन!"

बोलून बसले आणि लगेच पस्तावले. कारण मिशी म्हणजे त्यांचं सगळं होतं. ती नव्हती तेव्हा कामावर काळं कुत्रं त्यांना विचारत नव्हतं. मिशी आली आणि नुसतं खाकरलं तरी माणसं धावू लागली. ती गेली तर या घरात तरी आपलं कोण ऐकेल, या विचाराने त्यांना खरोखर धडकी भरली.

मागच्या खोलीत काम सुरू झालं. तेल लावून, पॉलिश पेपरने घासून गंज निघाला. दगडावर पातं फिरवून झालं. मग चामड्याचा पट्टा खिडकीला बांधला आणि तिथे मुकादमांनी घोळ घातला. पट्ट्यावर वस्तरा पाठीच्या बाजूने ओढायचा असतो. यांनी धार पुढे करून ओढला. पट्टा टरकन फाटला, धार दुमडली.

मुकादम घाम पुसत उभे राहिले. आणि जन्माची सवय, दुसरं काय! रिकाम्या खोलीला म्हणाले, "हे असं चालायचं नाही. संध्याकाळच्या आत नीट करून ठेवा." आणि जाऊन आडवे झाले.

डोळा लागतो न लागतो तोच आवाज आला. सप्... सप्... सप्... मागच्या खोलीतून, संथ, एका लयीत. ओल्या साबणाचा वास घरभर पसरला. स्वप्नच असणार, म्हणून त्यांनी कूस बदलली.

उठून पाहतात तर पट्टा शिवलेला! पातं लखलखत होतं. मुकादमांच्या अंगावर सर्रकन काटा आला. पळून जावंसं वाटलं. पण रविवार जवळ आला होता. त्यांनी मिशीला हात लावला आणि पुटपुटले, "मूठ... जरा ढिली वाटते."

दुसऱ्या दिवशी मूठ घट्ट.

मग काय, भीड चेपली. भरदुपारी बंद दाराबाहेर खुर्ची टाकून मुकादम देखरेख करू लागले. "चला, आटपा लवकर!"

आतला आवाज थांबला. दाराच्या फटीतून गार वारा आला, आणि कोणीतरी अगदी हळू, अदबीने म्हणालं, "साहेब... घाई नको... हात हलतो..."

मुकादमांनी खुर्ची दोन हात मागे सरकवली. तरी तोंडातून निघालंच, "बरं बरं. चालू द्या."

रविवारी मेहुण्याने स्वतःचा केस उपटला, चिमटीत धरला आणि पात्याला टेकवला. केसाचे दोन तुकडे गुपचूप खाली पडले. मेहुण्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अहो, खरंच तुम्ही केलंत?" बायकोने विचारलं.

बायको उत्तराची वाट बघत होती. मागच्या खोलीतही कोणीतरी कान देऊन उभं आहे असं मुकादमांना वाटलं. खरं सांगायला तेवढाच वेळ होता.

"मग काय भूत आलं होतं? या दोन हातांनी केलं!"

मेहुण्याच्या हातातला वस्तरा नाहीसा झाला. मुकादमांच्या हनुवटीला दोन ओली, गार बोटं लागली आणि मान आपोआप वर झाली. साबणाचा वास नाकात शिरला.

"हलू नका, साहेब..."

सर्र. बस, एवढंच. एक ओरखडासुद्धा नाही. मिशी मांडीवर पडली होती, पीळ तसाच.

बायको जवळ आली, वाकून बघत राहिली. "अगंबाई! तुम्ही असे दिसता होय?"

"मी... मी नव्हतं केलं," मुकादम रडवेल्या आवाजात म्हणाले.

"ते मला ठाऊकच होतं हो. कंदिलापासून बघतेय."

मेहुणा पोट धरून हसायला लागला. हसता हसता मध्येच थांबला. त्याच्या गळ्याभोवती कोणीतरी पांढराशुभ्र टॉवेल खोचत होतं. तसला टॉवेल त्या घरात कधीच नव्हता.

"दाजी..." तो जागेवरून न हलता कुजबुजला. "याला थांबवा ना... साहेब म्हणतो तो तुम्हाला, तुमचं ऐकेल..."

मुकादम उठले. छाती पुढे काढली, घसा खाकरला आणि होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडले, "काम थांबवा!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग अगदी मुकादमांच्या कानाशी, मायेने कोणीतरी म्हणालं, "बाळ... तू जरा बाजूला हो."