नाक्यामागचे धुके

उसुगाने घाटावर पहाट होत होती. देवदारांच्या राईमागे तांबडे फुटले होते, नाक्याचा दरवाजा उघडत होता आणि रुंद टोप्यांचे वाटसरू परवाने हातात धरून रांगेत उभे होते. हे सारे चेरीच्या फळीवर उलट्या चिकटवलेल्या पातळ कागदातून दिसत होते. एदो शहरात चित्रछपाईचे लाकडी ठसे कोरणारा कासुके त्या फळीवर वाकला होता. चित्रकार सेईगा महिन्यापूर्वी वारला होता आणि हे त्याचे शेवटचे चित्र. दुसरी प्रत नव्हती. कोरताना मूळ कागदही पटाशीखाली जातो, ही या कामाची रीतच.

नाक्यामागे केसाएवढी रेघ दिसली आणि कासुकेचा हात थांबला. ती चोरवाट होती. परवान्यावाचून बायकांना नाका ओलांडायला बंदी. अडलेल्या बायकांना घाटातली चहावाली ओसुगी याच वाटेने पार करी. पकडली गेली असती तर सुळावर चढली असती. कासुकेची बायको ओतामी, देवाघरी गेलेली, याच वाटेने त्याच्याकडे आली होती.

दुपारी प्रकाशक योहेई धापा टाकत आला. सेईगाने चित्रात घाटातली एकही वाट काढायची सोडलेली नाही, हे नाक्याचा अंमलदार इवाता याच्या कानी गेले होते आणि त्याचा घोडा गल्लीच्या तोंडाशी आला होता.

तीस वर्षांत कासुकेने कुणा चित्रकाराची रेघ हलवली नव्हती. त्याने पटाशी लावली आणि वाट खरवडून काढली. खोल गेलेल्या लाकडाला शाई लागत नाही. तिथे कागद कोरा राहतो.

इवाताने फळी न्याहाळली. "इथे काय होते?"

"धुके, सरकार."

"सेईगा धुके काढत नसे."

"अखेरीस त्याला नीट दिसत नव्हते."

"खोटे निघाले तर ही बोटे छाटीन."

"बोटे आपलीच आहेत, सरकार. धुकेच होते."

पुरावा फळीवरच संपला होता. इवाता पाय आपटत गेला. योहेईला मात्र फळीवर फक्त बिघडलेले काम दिसले, आणि त्याच दिवशी त्याने चेहऱ्यांचे नि केसांचे नाजूक काम कासुकेकडून काढून घेतले. हात गेला तुझा, म्हणाला. त्यानंतर कासुके मिठाईच्या वेष्टनांचे ठसे कोरत राहिला, आणि सेईगाची नजर शेवटी अधू झाली होती ही अफवा शहरभर पसरली. ती खोडता येत नव्हती.

वसंतात तो घाटात गेला. ओसुगीच्या दुकानात तेच चित्र टांगलेले होते.

"या बाजूला धुके कधी पडतच नाही," चहा ओतताना ती म्हणाली. "कोरणारा कुणी अडाणी असणार."

कासुकेने पेला दोन्ही हातांत धरला.

"खरे आहे, बाई. हात चुकला त्याचा."