जे आईला सांगायचं होतं

अलेक्झांड्रियात, अनफुशी भागातल्या एका कोपऱ्यावरच्या खाण्याच्या गाडीपाशी मी उभी होते. माझ्यापुढचा उंच तरुण "त... त... त..." करत अडकला होता. मागची माणसं कुरकुरायला लागली, तशी मीच ओरडले, "अहो, त्यांना तामिया द्या!"

त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं — काळेभोर, थकलेले डोळे — आणि हातात कोंबलेले तामियाचे गरम वडे घेऊन तो निघून गेला.

मी वाचा-उपचार करते. थोड्या वेळाने तोच दवाखान्यातल्या माझ्या खोलीच्या दारात! उच्चार सुधारायला आलेला नवा माणूस — वाएल, होड्या दुरुस्त करणारा.

"मला त... तहिनी हवी होती," बसता बसता तो म्हणाला.

तिळाची चटणी मागणाऱ्याला मी वडे घ्यायला लावले होते! माझे कान तापले. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बो... बोलू दिलंत?"

दोघंही हसलो.

पहिल्या भेटीत मी फक्त तपासते — कुठे अडतं, किती अडतं. त्याला चित्रं दाखवली, उतारा वाचायला दिला. गाणं म्हणायला लावलं, तर एकदाही अडखळला नाही.

"गाऊनच बोलत जा की!"

"मासळीबाजारात? लोक चि... चिल्लर फेकतील, दोकतोरा."

"मी डॉक्टर नाही. माझं नाव इंजी, तेच म्हणा... बरं, सगळ्यात जास्त कुठे अडतं?"

त्याचं हसू मावळलं. "फ... फोनवर."

"शेवटचा फोन कुणाला केला होता?"

"त... तट..." खिडकीबाहेर बघत तो अडकला. वाक्य पुरं करायला माझी जीभ शिवशिवत होती, पण या वेळी मी गप्प बसले. मग तुटत तुटत सगळं बाहेर आलं. हिवाळी वादळात त्याचा थोरला भाऊ मेधत समुद्रात अडकला. त्याने वाएलला कळवलं, वाएलने तटरक्षकांना फोन लावला... आणि होडीचं नावच तोंडातून फुटेना. 'बरका'. पलीकडच्याला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. त्याने फोन ठेवला. वाएल अनवाणी धावत चौकीवर पोचला, तोवर उशीर झाला होता. मेधत परतलाच नाही.

"आईला वाटतं, फो... फोन लागलाच नाही. तिला खरं सांगायचंय. माझ्या तों... तोंडाने."

तपासणीसाठी लावलेलं, आवाज टिपणारं यंत्र चालूच होतं. मी ते बंद केलं.

दर मंगळवारी तो यायचा. श्वास, लय, शब्दाची अलगद सुरुवात... आणि माझ्या ओढणीच्या रंगावरून चेष्टा. वसंत लागेतो मी मंगळवारची वाट बघायला लागले होते. एक दिवस मीच म्हणाले, "पुढच्या वेळेपासून शेजारच्या खोलीत सामियाबाईंकडे जा. त्याही हेच शिकवतात."

"का? मी काय के... केलं?"

"तू नाही रे..." मी टेबलाकडे बघत म्हणाले, "मी केलंय."

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग त्याने माझा हात धरला... आणि सोडलाच नाही.

सामियाबाईंकडे तो उन्हाळाभर गेला. मग आईला त्याने सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. चुलीशी बसायची, पण त्याचं ताट वाढायची नाही.

"मी येते तुझ्या घरी," मी म्हणाले.

"ती तु... तुलाही हाकलेल."

"हाकलू दे."

आईने मला हाकललं नाही. पाहुणी म्हणून बसवलं, मसुरीच्या सूपचा एक वाडगा पुढे ठेवला. एकच. वाएल दाराशी उभा होता. मी त्याला ओढून शेजारी बसवलं, वाडगा मधोमध सरकवला.

"मावशी, मी याच्याशिवाय जेवणार नाही. आज नाही... पुढेही नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वाएलकडे. कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा. रोटी मोडून तिने दोन तुकडे आमच्यापुढे टाकले.

"निवतंय," ती म्हणाली. "जेवा दोघं."